आंब्याच्या सावलीतल्या पट्टीत बुटके पाम: कुठले लावावेत?

मागचं_दार (विलेपार्ले पूर्व)

मंडळी, तळमजल्यावर राहतो. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये जेमतेम चार फुटांची पट्टी आहे. वर शेजारच्या आवारातला जुना रायवळ आंबा पसरलाय. सकाळी साडेनऊपर्यंत पानांतून झिरपेल तेवढं ऊन, मग दिवसभर सावली. मोगरा फुलत नाही, तुळस लांबलचक होऊन झडते, कढीपत्त्याने मान टाकली. अळू आणि सोनटक्का तेवढे मजेत आहेत.

आता तिथे छोटे पाम लावायचं घाटतंय. अटी अशा: खिडकीच्या वरच्या गजाच्या वर जाऊ नयेत, काटे नकोत (नातू रांगतोय), आणि उचलून नेता आले पाहिजेत. रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत, कधी ना कधी बिऱ्हाड हलणार. माती म्हणाल तर फावडं मारलं की विटा आणि सिमेंटची ढेकळं. नर्सरीत गेलो तर माळ्याने तीन वेगवेगळी झाडं दाखवली आणि तिन्हींना 'अरेका' म्हणाला. तिथून थेट इथेच आलो.

हापूस_नको

बांबू पाम लावा आणि विसरून जा.

गच्चीवाली

काय नशीबवान आहात, मुंबईत मागचं दार! वाचतेय. मलाही उत्तरं हवी आहेत.

पालापाचोळा (बोरिवली)

'विसरून जा' हे अर्धं बरोबर आहे. सविस्तर लिहितो, जरा लांबेल.

आधी तुमचे तीन अरेका. नर्सरीत ज्याला सर्रास अरेका म्हणतात, पिवळसर देठांचा, झुपक्याने वाढणारा, तो मादागास्करचा. अरेका हे खरं नाव आपल्या पोफळीचं. हा मादागास्करवाला तुमच्या पट्टीत जगेल, पण त्याला उजेड जास्त लागतो आणि जमिनीत मुळं पसरली की पंधरा फुटांवर सहज जातो. तुमच्या गजाच्या अटीत बसत नाही.

मोठ्या झाडांच्या खालीच आयुष्य काढणारे पाम वेगळे. त्यातलं सगळ्यात मोठं घराणं कॅमेडोरिया: मेक्सिकोपासून मध्य आणि दक्षिण अमेरिकेपर्यंत शंभराच्या आसपास जाती, जवळजवळ सगळ्या दाट जंगलाच्या तळाशी वाढणाऱ्या. तिथे वरच्या उजेडातला फार थोडा हिस्सा जमिनीपर्यंत पोचतो आणि तेवढ्यावर यांचं भागतं. मुंबईत सहज मिळणारे दोन. पहिला पार्लर पाम, म्हणजे कॅमेडोरिया एलेगन्स. कुंडीत तीन-चार फुटांवर रेंगाळतो, पानं मऊ, काटा औषधालाही नाही. हा एकखोडी आहे. कुंडीत जो झुपका दिसतो तो एकत्र पेरलेल्या दहा-पंधरा रोपांचा असतो. दाटीमुळे त्यातली काही पहिल्या वर्षात मरतात. घाबरू नका, मेलेली बुडाशी कापून टाका. दुसरा बांबू पाम, कॅमेडोरिया सीफ्रित्झी. बारीक हिरव्या कांड्या, बुडातून नवे कोंब येत राहतात. सहा-आठ फूट होतो, पण उंच झालेली कांडी बुडापासून काढली तरी बाकीचा झुपका चालू राहतो. त्यामुळे उंची तुमच्या हातात.

पामची कांडी अर्ध्यावर छाटू मात्र नका. पामला वाढीचा कोंब एकच, शेंड्याला. तो गेला की ती कांडी संपली, तिला बाजूने फांदी फुटत नाही. सोसायटीचे माळी जास्वंदीसारखी कात्री चालवतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

तुमच्या जागेसाठी माझं पहिलं मत मात्र ऱ्हापिसला. नर्सरीत राफिस किंवा लेडी पाम म्हणून विचारा. मूळचा दक्षिण चीन-व्हिएतनामकडचा. हाताच्या बोटांसारखी फाकलेली गडद पानं, खोडाभोवती काथ्यासारखी जाळी. जपानमध्ये एदो काळापासून (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकाचा काळ) हा शौकाने जमवतात, पांढऱ्या पट्ट्यांच्या जातींना तिथे मोठा मान आहे. वाढतो अगदी सावकाश. म्हणूनच नर्सरीत महाग असतो आणि म्हणूनच तुम्हाला सोयीचा. बिऱ्हाड हलवताना अख्खा गड्डा मुळांसकट निघतो, दोन-तीन भाग करून वाटताही येतो. भाग करताना प्रत्येकाला कांड्या आणि स्वतःची मुळं दोन्ही हवीत. बिनमुळाची कांडी जगत नाही.

राहिली माती. सिमेंटची ढेकळं म्हणजे चुना. त्याने माती अल्कधर्मी होते आणि लोह-मॅंगनीज मातीत असून झाडाला मिळत नाही. नवी पानं फिकट, आखूड, चुरगळलेली यायला लागली तर हे कारण समजा. ती जमीन सुधारण्याच्या मागे लागू नका. भिंतीलगत विटांचा फूटभर उंच वाफा करा किंवा सरळ कुंड्या ठेवा. नर्सरीची लाल माती एकटी वापरली तर दुसऱ्या पावसाळ्यात घट्ट वीट होते. एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि निचऱ्यासाठी जाड रेती किंवा विटांचा बारीक चुरा. मूठभर निंबोळी पेंड. रोप कुंडीत जेवढं खोल होतं तेवढंच लावा, खोड मातीत पुरायचं नाही.

आणि आंब्याची गळलेली पानं झाडून फेकू नका. कुंडीवर तीन बोटं जाड थर द्या. या झाडांना तेच घरचं अन्न.

शंकेखोर

वरचा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा. पण हे पाम घरातली हवा शुद्ध करतात म्हणून कुणी सांगायच्या आत विचारतो: नासाने सिद्ध केलंय ते खरं का? आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दर आठवड्याला येतं.

पालापाचोळा

नासाचा अभ्यास १९८९चा, खराच झाला होता आणि त्यात बांबू पामही होता. पण तो बंद पेट्यांमध्ये केलेला. आपल्या खिडक्यांतून, दाराखालून हवा सतत आतबाहेर होते, ते काम झाडापेक्षा कितीतरी वेगाने चालतं. २०१९ साली अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला. उघड्या खिडकीच्या बरोबरीने हवा साफ करायची तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत कुंड्या लागतील असं निघालं. मग राहायचं कुठे? डोळ्याला बरं वाटतं म्हणून लावा, तेवढं पुरे.

सातवा_मजला (गोरेगाव)

माझं कोडं सोडवा. घर उत्तरेकडे तोंड करून आहे. बॉक्स ग्रिलमध्ये पार्लर पाम आणि बांबू पाम वर्षभर हिरवेगार असतात. दर वर्षी मे महिन्यात दोन्हींची पानं आधी फिकट पिवळी आणि मग तपकिरी चट्ट्यांची होतात. पाणी तेवढंच, जागा तीच. नर्सरीवाला म्हणतो खत कमी पडतंय. उत्तरेला ऊन येत नाही ना?

पालापाचोळा

येतं! मुंबईत उन्हाळ्यात उत्तरेलाच येतं. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. १५ मेच्या आसपास तो भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो, तोच आपला शून्य सावली दिवस. तिथून जुलैच्या शेवटच्या आठवड्यातल्या दुसऱ्या शून्य सावली दिवसापर्यंत दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेकडे असतो. जूनमध्ये ढग येतात म्हणून आपल्या लक्षात येत नाही. म्हणजे एप्रिलपासून पाऊस सुरू होईपर्यंत तुमच्या ग्रिलमध्ये सकाळी आणि चारनंतर तिरपं ऊन घुसतं. ग्रिल भिंतीच्या बाहेर असल्याने वरून पत्रा नसेल तर दुपारचंही. वर्षभर सावलीत तयार झालेलं पातळ पान ते सोसत नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला हिरवी जाळी बांधा, पाऊस लागला की काढा. किंवा कुंड्या तेवढे दिवस आत, खिडकीपासून दोन-तीन फुटांवर. करपलेलं पान परत हिरवं होत नाही. खत घालून तर नाहीच, उलट उन्हाने त्रासलेल्या झाडाला खताचे क्षार जास्त जाळतात.

सातवा_मजला

पत्रा नाहीच. सोसायटीने काढायला लावला. जाळी आणतो. इतकी वर्षं मी उगाच पाण्याला दोष देत होतो.

कुंडीशास्त्र (ठाणे)

पाण्याचंही बघून घ्या मात्र. पालिकेचं तलावांचं पाणी मऊ आहे, त्याने त्रास नाही. पण उन्हाळ्यात बऱ्याच सोसायट्यांत टँकर किंवा बोअरचं पाणी टाकीत मिसळतं आणि पानांची टोकं तपकिरी व्हायला लागतात. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला की समजा क्षार साचलेत. महिन्यातून एकदा कुंडी मोरीत नेऊन खालून धार वाहीपर्यंत साधं पाणी ओतायचं. पावसाळ्यात हे काम पाऊस फुकट करतो, त्याबरोबर पोटॅश आणि मॅग्नेशियमही धुऊन नेतो. म्हणून मी खत दसऱ्यानंतर देते, भर पावसात देऊन फायदा नाही.

गच्चीवाली

जुनं पान पिवळं पडलं की कापायचं ना? मी लगेच कापते, नाहीतर घरचे म्हणतात झाड मेलं.

कुंडीशास्त्र

पूर्ण वाळेपर्यंत थांबा. पोटॅश कमी पडलं की पाम ते जुन्या पानातून ओढून नव्या पानाला देतो. अर्धवट पिवळं पान कापलं की तो पुढच्या पानावर जातो, मग तेही पिवळं. असं करत करत झाडाला शेंड्यावर तीनच पानं उरतात. कडा पिवळ्या आणि मधे हिरवा पट्टा असेल तर मॅग्नेशियम कमी. नर्सरीत मॅग्नेशियम सल्फेट मिळतं, चमचाभर पाण्यात विरघळवून मातीत घाला.

शंकेखोर

असहमत, थोडासा. ठिपके पडलेलं पान पावसाळ्यात ठेवलं तर बुरशी शेजारच्या पानांवर जाते. आमच्याकडे एका पावसात निम्मी झाडं ठिपक्यांची झाली होती. मी ठिपके दिसले की कापतो.

कुंडीशास्त्र

ठिपके वेगळे, पिवळेपणा वेगळा. बुरशीचं पान काढाच, त्यात वाद नाही. कुंड्या एकमेकींना चिकटून असतील तर जरा अंतर द्या, संध्याकाळी पानांवर पाणी मारू नका.

रोठा (मूळ श्रीवर्धन, सध्या दादर)

सगळे मेक्सिको-चीनचे पाम चाललेत, घरच्या पोफळीला कुणी विचारेना!

पोफळीचं रोप पहिली दोन-चार वर्षं सावलीतच वाढवतात. आमच्या वाडीत वर माड, मधे पोफळी, खाली केळी आणि जायफळ, आणि पोफळीवर मिरवेल. उघड्यावर लावलेल्या पोफळीचं खोड नैर्ऋत्येच्या उन्हाने भाजतं, म्हणून खोडाला झावळ्या गुंडाळायची रीत आहे. २०२० साली ३ जूनला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर धडकलं, वाड्या आडव्या झाल्या. आता पुन्हा लागवड करायची तर पहिली पंचाईत सावलीची, कारण वरचे माडही गेले. आधी केळी लावून सावली करावी लागली, मग पोफळी.

काका, मोठ्या कुंडीत चार-पाच वर्षं पोफळ सुंदर दिसते. पुढे उंच जाणार हे खरं, पण तोवर तुमची रिडेव्हलपमेंटही होईल (किंवा होणार नाही). पिकलेली सालीसकट सुपारी आणायची, देठाकडची बाजू वर ठेवून रेतीत लावायची, ओल टिकवायची. दीड-दोन महिन्यांत कोंब दिसतो. वाण्याकडची सुपारी पेरू नका, ती वाळवलेली असते.

मागचं_दार

रोठाभाऊ, काका म्हणालात, चालेल. सुपारीचा मोह झालाय. पण पावसात तिला कोळेरोग होतो ना?

रोठा

होतो, पण तो मुख्यतः धरलेल्या फळांना, पाऊस लागून राहिला की. त्यासाठी पावसाआधी घोसांवर बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारतात. तुमच्या कुंडीतल्या पोराला अजून फळच नाही. कुंडीत पाणी साचू देऊ नका, बास.

मांजराचा_माणूस

आमची मांजर लटकणारं प्रत्येक पान चावते. पाम चालतील का? नर्सरीत सागो पाम फार आवडलाय, बुटका आहे.

पालापाचोळा

सागो पाम घेऊ नका. तो पामच नाही, सायकस नावाच्या वेगळ्याच कुळातला आहे. संपूर्ण झाड विषारी, बिया सगळ्यात जास्त, कुत्र्यामांजरांचं यकृत निकामी होतं. शिवाय त्याला कडक ऊन लागतं. पार्लर, बांबू आणि ऱ्हापिस हे तिन्ही पाम मांजरांना निर्धोक. चावून टोकं कुरतडेल, ते तुम्ही आणि ती बघून घ्या. माशाच्या शेपटीसारख्या पानांचा फिशटेल घ्यायचा असेल तर एवढं लक्षात ठेवा की त्याच्या फळांचा रस अंगाला लागला की भयंकर खाज सुटते. आपल्या भेरली माडाचा तो भाऊबंदच.

मागचं_दार, 'फिनिक्स' म्हणून जो बुटका खजुरासारखा पाम मिळतो तोही तुम्ही घेऊ नका. पानाच्या बुडाशी सुईसारखे काटे असतात, आणि नातू रांगतोय म्हणालात.

माळीणबाई (माहीम)

आंब्याखाली लावताय तर मोहोराच्या दिवसांची तयारी ठेवा. तुडतुडे मोहोरावर बसतात आणि त्यांचा चिकटा खाली गळतो. खालच्या प्रत्येक पानावर आधी चकाकी, मग काळी काजळी. ती बुरशी पामला लागलेली नसते, चिकट्यावर वाढलेली असते. पण पान झाकलं की आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी. त्या महिन्यांत आठवड्याला ओल्या फडक्याने पानं पुसा, दोन्ही बाजूंनी. पुसता पुसता देठाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो मिलीबग, कापसाच्या बोळ्याने काढून कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी फवारायचं. शेजारच्या आंब्यावर फवारणी होणार असेल तर विचारून ठेवा आणि त्या दिवशी कुंड्या आत घ्या.

मुंगळे चढताना दिसले तर वर मिलीबग आहेच असं समजून शोधा.

हापूस_नको

म्हणूनच माझं नाव हापूस_नको.

गच्चीवाली

कुंडीखाली ताटली ठेवायची का? आमच्याकडे पालिकेचे कीटकनाशक विभागाचे लोक पावसाळ्यात येतात, ताटलीत पाणी दिसलं की ओरडतात. ताटली काढली तर खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर लाल पाणी. त्यासुद्धा ओरडतात.

माळीणबाई

लोक बरोबरच ओरडतात, डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. ताटलीत जाड रेती काठोकाठ भरा आणि कुंडी रेतीवर ठेवा. पाणी रेतीत मुरतं, वर उघडं राहत नाही. पावसाळ्यात ताटल्या काढूनच ठेवा. काकूंच्या कपड्यांसाठी पाणी सकाळी लवकर घाला, कपडे वाळत पडायच्या आधी.

सातवा_मजला

एक राहिलंच. गोल, पंख्यासारख्या चुण्या पडलेल्या पानांचा तो लिक्वाला कुणी लावलाय का मुंबईत? फोटोत बघून जीव जडलाय.

शंकेखोर

लिक्वाला ग्रँडिस. पॅसिफिकमधल्या वनुआटू बेटांकडचा. मुंबईचा दमटपणा त्याला मानवतो, वारा मात्र मानवत नाही. सातव्या मजल्यावर ते पान एका वावटळीत चिंध्या होईल, आणि वर्षाला येणार मोजकीच पानं. मी तरी सातव्या मजल्यावर लावणार नाही.

पालापाचोळा

काका, तुमची पट्टी मात्र त्याला बनल्यासारखी आहे: दोन्हीकडून भिंत, वर आंबा, वारा नाही. देठाला बारीक काटे असतात, त्यामुळे नातू चालायला लागून समज येईपर्यंत थांबा.

ज्यांना आपल्याकडचा हवाय त्यांच्यासाठी: सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या ओल्या जंगलांत पिनांगा डिक्सोनी नावाचा देखणा सडपातळ पाम आहे, पश्चिम घाटाबाहेर कुठेही न उगवणारा. जंगलातून उपटून आणलेला कुणी विकत असेल तर घेऊ नका. बियांपासून केलेलं रोप कुठे मिळालं तर इथे जरूर कळवा, मीही शोधतोय.

मागचं_दार

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं. भिंतीलगत ऱ्हापिसच्या दोन मोठ्या कुंड्या, खिडकीखाली बांबू पाम, दाराजवळ पार्लर पामची एक. कुंड्या विटांवर, म्हणजे पावसात पट्टीत पाणी भरलं तरी बुडं कोरडी. जमिनीत काहीच नाही. माळ्याला कात्री न लावायची तंबी दिलीय. तो म्हणाला, 'साहेब, मग मी करू काय?' पानं पुसायला सांगितलं.

एक शंका उरलीय. नर्सरीत हे सगळे हिरव्या जाळीखाली होते, माझ्याकडे त्याहून कमी उजेड आहे. एकदम नेऊन ठेवले तर चालेल?

पालापाचोळा

जास्त उजेडातून कमी उजेडात जाताना करपत नाहीत, पण जुनी काही पानं गाळतील. पहिले दोन-तीन महिने पाणी बेताने, वरची दोन पेरं माती कोरडी लागली तरच. कमी उजेडात झाड कमी पितं. मुळं कुजतात ती याच दिवसांत, कारण पान गळताना पाहून आपण आणखी पाणी घालतो. नवं भालं (शेंड्याचं मिटलेलं पान) उघडलं की रुळलं समजा. खत तोवर नको.

रोठा

काका, पोफळीचं काय मग? दिवाळीनंतर गावाहून येताना रोपं आणणार आहे, कोंब फुटून दोन पानांची झालेली. पार्ल्यात स्टेशनजवळ देऊ शकतो. अजून कुणाला हवीत तर इथेच सांगा, गाडीत जागा बघून आणतो.

गच्चीवाली

मला एक. आणि माझ्या काकूंना एक, कपड्यांची भरपाई म्हणून.

मागचं_दार

दोन राखून ठेवा.